पदराचं दुसरं टोक

“आहे मी. कुठं जात नाही.”

बाई फोन कानाला लावून एवढंच म्हणायच्या आणि फोन पुन्हा पिशवीत टाकायच्या. आमच्या शाळेत पाऊल ठेवल्यापासून परतीची एसटी येईपर्यंत हे कितीदा चालायचं याची मोजदाद मी ठेवली नाही. पण शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायला लागली होती, यावरून अंदाज करा. एखादं पोर कानाला डस्टर लावून “आहे मी, कुठं जात नाही” म्हणालं की बाकीची खिदळायची. मला वाटायचं, वरिष्ठांचा फोन असणार. आमच्याही वरिष्ठांना आम्ही जागेवर आहोत की नाही याची फार काळजी असते.

गाव वणीच्या पुढं, वर्धा नदीच्या काठाला. तिथल्या दोन शिक्षकी शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. म्हणजे हुकूम सोडायला हाताखाली एकच माणूस, आणि तो बहुधा रजेवर. त्या श्रावणात नदी एका पहाटे गावात शिरली. खालच्या आळीतली मातीची घरं बसली. शाळा टेकाडावर, म्हणून ती माणसं शाळेत आली. चार दिवसांचा प्रश्न आहे, असं सगळेच म्हणाले. पाणी उतरलं, माणसं मात्र उतरली नाहीत. उतरून जाणार कुठं? जुन्या जागेवर बांधायला मनाई झाली आणि नवी जागा काही ठरेना. एका वर्गात पहिली ते चौथीची सगळी पोरं, उरलेल्या दोन वर्गांत संसार. अंकांच्या तक्त्यावर परकर वाळत घातलेले, फळ्याखाली चुली, सगळीकडे ओल्या गाद्यांचा वास. त्या माणसांना मागं जाता येत नव्हतं आणि पुढंही जाता येत नव्हतं. पोळा आला तेव्हा लोकांनी शाळेच्या अंगणातच बैल उभे केले, आणि त्या दिवशी मला कळलं की हे प्रकरण लवकर संपणारं नाही.

मदत करायला खूप जण आले. ब्लँकेटं आली, बिस्किटं आली, फोटो निघाले. एका चमूनं पोरांना पुराचं चित्र काढायला लावलं. पोरांनी मन लावून हेलिकॉप्टर काढली. आमच्या गावात हेलिकॉप्टर आलंच नव्हतं. चमू खूश होऊन गेला.

मग बाई आल्या. तालुक्याच्या दवाखान्यातून, दर आठवड्याला, समुपदेशनासाठी. तो शब्द गावाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक त्यांना ‘बोलाच्या बाई’ म्हणायला लागले. आणि गंमत अशी की बाई बोलायच्याच नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चष्म्याला काळी दोरी. वणीच्या जुन्या वस्तीतल्या, वडील आणि नवरा दोघंही कोर्टात नोकरी केलेले, त्यामुळं भाषा अगदी स्वच्छ. मी त्यांच्यासाठी ऑफिसातली हातांची खुर्ची बाहेर काढली, तर त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसल्या. समोर एक म्हातारी तूरडाळ निवडत होती. बाईंनी सुपाचा एक काठ आपल्याकडे ओढला आणि खडे वेचायला लागल्या. तासभर तेवढंच. मला आत बसून त्यांचा राग येत होता. पगार घ्यायचा आणि डाळ निवडायची, ही सोय आम्हाला का नाही?

“बाई, तुम्ही पुराबद्दल काही विचारतच नाही,” मी एकदा म्हणालो.

“त्यांनी दार उघडलं की जाईन आत. तोवर ओट्यावर बसते,” त्या म्हणाल्या. “आणि सर, तुमच्या खिचडीत मीठ फार कमी असतं.”

हे मात्र त्या स्पष्ट बोलायच्या. मीठ, एसटीच्या कंडक्टरचा उर्मटपणा आणि शाळेच्या नळाची गळती, या तीन विषयांवर बाईंना गप्प करणं कठीण होतं.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं. संसार मांडलेल्या दोन खोल्यांतल्या दुसरीच्या दाराशी ती बसायची. दार लावू द्यायची नाही. तिच्या डाव्या मनगटाला लुगड्याच्या पदराची फाडलेली पट्टी बांधलेली होती आणि पट्टीचं दुसरं टोक तिच्या मुलीच्या, पायलच्या मनगटाला. पायल माझ्या पहिलीच्या वर्गातली. वीतभर पट्टी. पोरगी उठली की आई उठायची, आई नळावर गेली की पोरगी मागं. पायलला वर्गात बसवायचं म्हणजे सुनंदालाही बसवावं लागायचं. पण आम्ही दार लोटलं की ती ताडकन उठून पोरीला घेऊन बाहेर. पोरीचं मनगट सोलवटलं होतं. कोणी गाठीला हात लावला तर सुनंदा चावायला धावायची, आणि हे मी शब्दशः सांगतोय. आमच्या खिचडीवाल्या मावशींच्या अंगठ्यावर खूण होती.

तिचा नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पुराच्या वेळी तो गाडी घेऊन चंद्रपूरकडे गेला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याची सहनशक्ती संपत आली होती. एक दिवस ट्रक शाळेसमोर उभा करून तो माझ्याकडे आला.

“सर, लेकरू मरून राह्यलं हो माह्यं. ना खेळणं, ना शिकणं. दिवाळीलोक पाह्यतो. नाई सोडलं तिनं, त गाठ कापतो अन् पायलले घाटंजीले बहिणीकडं टाकतो. तिकडंच शिकंन ते.”

“आणि सुनंदा?”

त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि गाडीवर चढला.

हे बाईंना मी सांगितलं. दिवाळीपर्यंत. त्यांनी मान हलवली, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि सुनंदाशेजारी जाऊन बसल्या. गाठीकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीच्या मनगटाला, पट्टीच्या वर आणि खाली, तेल लावलं. मग सुनंदाच्या मनगटाला. मग स्वतःच्याही लावलं, कशासाठी कोण जाणे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्या तेलाच्या दिवसांतच कधीतरी, बाई म्हणत होत्या ते दार सुनंदानं उघडलं. मी वर्गातून ऐकत होतो. दोन खोल्यांत एकच भिंत असलेल्या शाळेत न ऐकण्याची सोय नसते.

“पाणी भरलं, त दार काई उघडेना बाई. लय जोर लावला. भांडे तरंगून राह्यले होते, टणटण टणटण टिनाले लागून राह्यले होते. मी पायलले पदरानं बांधलं अन् माळ्यावर चढली. सासू खाली. तिचा हात धरला होता म्या. एका हातानं.” मग ती म्हणाली, “एकच पदर होता.”

तुमची चूक नाही, असं होतं, देवाची इच्छा, यातलं काही बाई म्हणाल्या नाहीत. हात मात्र धरून ठेवला. माझ्या हातातला खडू मोडला होता आणि पोरं माझ्याकडे बघत होती.

त्यानंतरच्या खेपेला बाईंनी पिशवीतून आपल्या जुन्या हिरव्या साडीची एक पट्टी काढली.

“सुनंदा, गाठ तुझीच राहू दे. मध्ये थोडा माझा पदर घालू का?”

सुनंदा त्या पट्टीकडे बघत राहिली. ताणून बघितली, दातांनी ओढून बघितली. मग स्वतःच्या हातांनी मध्ये जोडली. पहिल्यांदाच पोरगी आईपासून हातभर लांब बसली.

तिथून तो उद्योग सुरू झाला. आठवड्याला एक पट्टी. बाई स्वतःच्या साड्या फाडतात हे बघून बाकीच्या बायांना राहवेना. पुरातून वाचलेलं लुगडं म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला सांगायला नको, पण त्यांनी त्यातून पट्ट्या दिल्या. नळाशेजारी बिऱ्हाड असलेल्या वेल्डरची बायको नसरीन, तिनं ओढणी दिली. लाल, पिवळं, फुलाफुलांचं असं ते लांबत गेलं. दारापासून व्हरांड्याच्या खांबापर्यंत, खांबापासून नळापर्यंत. आणि एक दिवस ते सुनंदाच्या दारातून निघून माझ्या वर्गाच्या खिडकीतून आत आलं, आणि टोकाला पायल पाटी घेऊन मांडी घालून बसली होती.

शाळेची मात्र दैना उडाली. पोरं त्यावरून उड्या मारायची. खिचडीवाल्या मावशी बादलीसकट अडखळल्या. आमचे केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि दारातच आडवे झाले. उठून त्यांनी विचारलं, “हे काय आहे?” मी म्हणालो, “सर, समुपदेशन.”

नवरा आला तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. “सोडवाले बोलावलं होतं तुमाले! तुमी त लांब करून राह्यल्या!”

“लांब झाली की सुटते,” बाई म्हणाल्या.

“अन् नाई सुटली त?”

त्यांचा फोन वाजला. “आहे मी. कुठं जात नाही,” त्या फोनमध्ये म्हणाल्या.

आणि मग बाईंनीच घोटाळा केला.

भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडे भादव्यातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. खाऊ डब्यात झाकून आणायचा, डबा वाजवायचा, आणि आवाजावरून सांगायचं की आत काय आहे. त्या वर्षी भुलाबाई बसली ती शाळेच्याच व्हरांड्यात. बाईंनी त्या दिवशी एसटी मुद्दाम सोडली आणि खिरापत स्वतः आणली. स्टीलचा डबा, आत भाजलेले शेंगदाणे. पोरी पायलला मध्ये घेऊन बसल्या होत्या, ती पट्टीच्या टोकाला, आई तिकडे दाराशी. बाई हौसेनं उठल्या आणि दोन्ही हातांनी डबा वाजवला.

टणटण टणटण.

सुनंदानं असा काही ओरडा केला की तो मला अजून आठवतो. तिनं सगळं बळ लावून पट्टी ओढली. पायल फरशीवर तोंडावर आदळली, तशीच घासत आईपर्यंत गेली. हनुवटी फुटली, रक्त आलं. सुनंदानं पोरीला पोटाशी घेतलं आणि सगळी लांबी भराभरा मनगटाला गुंडाळली. पुन्हा वीतभर.

बाई डबा हातात घेऊन उभ्या होत्या. “मला सांगितलं होतं तिनं,” त्या म्हणाल्या. “भांडी वाजत होती म्हणून सांगितलं होतं. आणि मी…” माझ्या मनात त्या वेळी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया आली. तोवर त्या फार बरोबर वागायच्या.

पुढच्या खेपेला नवरा हजरच होता. पायलच्या कपड्यांची पिशवीही भरून होती. मी मध्ये पडणार तेवढ्यात बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“माझं चुकलं. तिचं नाही. दिवाळीपर्यंत म्हणाला होतात, दिवाळी व्हायची आहे.”

“तुमाले काय बाई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. “तुमी बस पकडता अन् घरी जाता. फसलो त आमी हावो.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी सांगायचं त्यांच्या तोंडाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं, एवढं मला दिसलं. फोन वाजत होता. तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच थोडा वेळ वाजू दिला. नवराही अखेर कपड्यांची पिशवी खाली ठेवून ट्रककडे गेला.

मग बाईंनी खिरापतीची तऱ्हाच बदलली. डबा बंद. खाऊ फडक्यात बांधायचा आणि वासावरून ओळखायचा. पोरींना ही नवी गंमत वाटली. फडकं नेऊन ठेवायचं व्हरांड्याच्या कोपऱ्यापलीकडे, जिथून दाराशी बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. पायलला तिकडे जायचं तर पट्टी सोडावी लागायची, म्हणून सुनंदा ती हळूहळू सोडायची. पोरगी कोपऱ्याआड झाली की सुनंदा उठायला लागायची. बाई शेजारी बसून म्हणायच्या, “हाक मार.”

“पायल?”

“आहो, माय!” कोपऱ्यापलीकडून यायचं.

पुन्हा हाक, पुन्हा ‘आहो’, म्हणजे ‘आहे मी’. माझ्या वर्गात तेव्हा पाढे चालायचे. बे दुणे चार, पायल, आहो, बे त्रिक सहा.

कोजागिरी झाली तरी खेळ बंद झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी फडक्यात अनारसे होते. त्याचा वास व्हरांडाभर सुटला आणि पोरी धावल्या. पायल धावली. पट्टी सैलच बांधायची सवय झाली होती. ती कोपऱ्यावरच्या खांबाला अडकली, पोरीच्या हातातून निसटली आणि जमिनीवर पडली. सुनंदाच्या हाताला ते कळलं. ती अर्धी उठली. बाई जागच्या हलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “हाक मार.”

“पायल?”

काही नाही. मी पाढे अर्ध्यावर सोडून खिडकीत आलो होतो.

“पायल!”

“आहो!” तोंडात अनारसा असलेला आवाज. “खाऊन राह्यली!”

सुनंदा खाली बसली. रिकामी पट्टी तिनं ओढून घेतली नाही. टोक हातात धरून ती रडायला लागली, आणि नंतर कधीतरी हसायला. संध्याकाळी नवरा आला तेव्हा पायल अंगणात लंगडी खेळत होती. तो गाडीतून उतरलाच नाही, स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिला. घाटंजीची पिशवी परत रिकामी झाली.

दिवाळीनंतर बाई आल्या नाहीत. एक आठवडा, दुसरा. दवाखान्यातून निरोप आला की त्यांनी काम सोडलं. गावाला राग आला. एवढा जीव लावला आणि सांगितलंही नाही, असं मावशी म्हणाल्या. थंडी पडायला लागल्यावर एकदा मी कामासाठी वणीला निघालो तर सुनंदा पायलला घेऊन बसस्टॉपवर उभी. “बाईच्या घरी जाऊ, सर.”

घर एका बोळात. दोन खोल्या. बाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पण आम्ही बसायच्या आतच आतून आवाज आला, ओढलेला, जड.

“कुठं आहेस?”

“आहे मी. कुठं जात नाही.”

त्यांचे यजमान पलंगावर होते. लकव्यानं उजवी बाजू गेलेली. बाई नजरेआड झाल्या की ते घाबरायचे, घामाघूम व्हायचे. बाई कामावर असायच्या तेव्हा शेजारच्या एक आजी त्यांच्याजवळ बसायच्या आणि फोन लावून द्यायच्या. आजींना मुलानं नागपूरला नेलं. दुसरं कोणी यांना चालेना. बाईंनी हे सगळं चहा करता करता सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. भाजी दारावर येते. औषधं फोन केला की येतात. पोळ्यांचं पीठ शेजारचा मुलगा आणतो. चहात साखर घालेपर्यंत आतून तीनचारदा हाक आली आणि तीनचारदा त्या म्हणाल्या, “आहे मी.” दाराशी त्यांच्या चपला होत्या. चपलांवर धूळ बसली होती.

‘तुमी बस पकडता अन् घरी जाता’, हे मला आठवलं. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईनं एवढ्या मोठ्या गाठीला एवढी लांबी दिली, तिला स्वतःला दारापर्यंतसुद्धा लांबी उरली नव्हती.

सुनंदा चहा तसाच ठेवून उठली आणि आत गेली. मला वाटलं, नमस्कार करायला गेली असेल. मी दारातून बघितलं तर ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती. ब्लाउजमधून तिनं हिरव्या साडीची ती पहिली पट्टी काढली होती, मळलेली, विरलेली. एक टोक तिनं बाईंच्या यजमानांच्या चांगल्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या मुठीत धरलं.

“काका, मी आहो. दोन हात दूर बी जात नाई. बाईले चौकालोक जाऊ द्या. पायल हाय संगं.”

काका तिच्याकडे बघत राहिले. पट्टी ओढून बघितली. ती तिकडून ओढली गेली. पुन्हा ओढून बघितली. “लवकर ये म्हणा,” ते कुरकुरत म्हणाले.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात गाळणी. “नको ग सुनंदा. त्यांना त्रास होईल. नको.” पायलनं गाळणी त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली आणि त्यांचं बोट धरलं. बाईंनी चपला झटकल्या. पायात घालताना त्यांचा तोल गेला, तो मी सावरला.

मी दारात उभा राहिलो. एकीकडे बोळ दिसत होता, दुसरीकडे खोली. त्या दोघी हळूहळू चालत गेल्या. दोन घरं गेल्यावर बाई थांबल्या, मागं वळल्या. आतून हाक आली, “कुठं आहेस?” बाईंच्या ओठांवर ते वाक्य आलेलं मला इतक्या लांबूनही दिसलं. पण त्याआधीच आतून उत्तर गेलं होतं.

“आहो मी, काका. हे काय, इथंच आहो.”

बाईंनी तोंड मिटलं. पायल बोट ओढत होती. चौकाच्या कोपऱ्यावर भाजीची एक गाडी उभी होती, तिच्या मागं त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. आत पट्टी ओढली जात होती, सुटत होती, पुन्हा ओढली जात होती. मी कोपऱ्याकडे बघत उभा राहिलो. तिकडून बराच वेळ कोणी आलं नाही.